गल्लीतल्या चायनीजमध्ये आठ जणांसाठी काय आणि किती मागवावं?

डोंबिवली_पूर्व

नमस्कार. शनिवारी रात्री घराजवळच्या चायनीजमध्ये आठ जणांनी जेवायला जायचं ठरलंय. हॉटेल साधंच आहे. आत सात-आठ टेबलं, दारात पार्सलचा काउंटर, काचेमागे दोन भट्ट्या. मेनूकार्डावर मात्र दीडशेच्या वर नावं आणि त्यातली निम्मी एकसारखीच वाटतात.

सहा मोठे, दोन मुलं (वय ७ आणि ११). मोठ्यांपैकी दोघं शाकाहारी, अंडंही नाही. एकांना बीपीमुळे मीठ जपायचंय. मुलांना तिखट चालत नाही. बाकीच्यांना चिकन लॉलीपॉप आणि ट्रिपल (राईस, नूडल्स, ग्रेव्ही एकत्र) हवंच आहे.

आठ जणांना हाफ-फुलच्या हिशेबात किती पुरेल? मंचुरियन, चिली, शेजवान, हॉट गार्लिक, हाँगकाँग यांत खरा फरक काय असतो? एकाच टेबलावर शाकाहारी-मांसाहारी जमवताना काय बघायचं? लाल रंग आणि अजिनोमोटो यांची कितपत काळजी करायची? आणि उरलेलं बांधून आणलं तर दुसऱ्या दिवशी चालतं का?

दुसरं हॉटेल सुचवू नका प्लीज, हेच ठरलंय.

---

भट्टीशेजारी

दीडशे नावांना घाबरू नका. आत काउंटरवर पाचच गोष्टी तयार असतात: उकडून गार केलेला भात, थोड्या कच्च्या ठेवून उकडलेल्या आणि तेल लावलेल्या नूडल्स, एकदा तळून ठेवलेलं चिकन, पनीर आणि मंचुरियनचे गोळे, चिरलेल्या भाज्या आणि सॉसचे डबे. ऑर्डर आली की यातलं दोन-तीन गोष्टींचं मिश्रण मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतलं की प्लेट तयार. मेनूकार्ड म्हणजे या पाच गोष्टींचा गुणाकार. त्यामुळे नावं वाचत बसण्यापेक्षा सॉस कोणता, एवढंच बघा.

मंचुरियन म्हणजे बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची, त्यावर सोया सॉस आणि पाणी किंवा स्टॉक, शेवटी कॉर्नफ्लोअरचं पाणी आणि वरून कोथिंबीर. चव आल्या-लसणाची, रंग तपकिरी. हा पदार्थ चीनमधला नाहीच. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास तो पहिल्यांदा केला असं मानलं जातं. आलं-लसूण-मिरचीची आपली नेहमीची सुरुवात, फक्त पुढे गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. मंचुरियन भडक लाल आलं तर त्यात केचप किंवा रंग आहे असं समजा.

चिलीत कांदा आणि ढोबळी मिरचीचे मोठे चौकोन, उभी चिरलेली हिरवी मिरची, सोया आणि व्हिनेगर. ढोबळी करकरीत राहिली पाहिजे. ती मऊ पडून साल सुटायला लागली असेल तर भाजी आधीच परतून ठेवलेली आहे किंवा आच कमी पडली आहे.

शेजवान म्हणजे भिजवून वाटलेली सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, भरपूर तेल. चीनच्या सिचुआन प्रांतात तिखटाबरोबर जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी घालतात. आपल्याकडच्या शेजवानमध्ये तिचा पत्ता नसतो. गंमत अशी की त्याच कुळातलं तिरफळ कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत रोज पडतं, पण चायनीजच्या कढईत कुणी टाकत नाही.

हॉट गार्लिक हा शेजवानचा गोडसर अवतार, लसूण जास्त आणि केचप-साखरेचा हात. हाँगकाँग आणि सिंगापुरीला मात्र काही धरबंध नाही. एकीकडे काजू आणि सुकी मिरची, दुसरीकडे करी पावडर घालून पिवळं, तिसरीकडे नुसतं गोड. ते वेटरला विचारल्याशिवाय घेऊ नका. "तिखट का गोड, आणि रंग कुठला?" एवढं विचारलं तरी काम होतं.

आता हिशेब. सूप चार, सगळी वन बाय टू. मुलांमध्ये एक स्वीट कॉर्न, शाकाहारींमध्ये एक व्हेज मंचाव, उरलेल्या चौघांत दोन चिकन मंचाव किंवा हॉट अँड सॉर. स्टार्टर तीन फुल: लॉलीपॉप, चिकन चिली ड्राय आणि पनीर चिली ड्राय. पुढे ट्रिपल शेजवान चिकन फुल एक, मुलांसाठी साधा चिकन फ्राईड राईस फुल एक, व्हेज हक्का नूडल्स फुल एक, व्हेज मंचुरियन ग्रेव्ही हाफ एक आणि त्याच्याबरोबर व्हेज फ्राईड राईस हाफ. आठ जणांना हे पोटभर होतं. कमी पडलं तर तेव्हा मागवा, फ्राईड राईसला पाच मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही. सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं की स्टार्टर संपायच्या आत राईस टेबलावर येऊन गार होतो.

फुल म्हणजे किती, हे हॉटेलागणिक बदलतं. कुठे फुलमध्ये दोघांचं भागतं, कुठे तिघांचं. शेजारच्या टेबलावरची प्लेट बघा, तेच खरं माप. शिवाय हाफचा दर सहसा फुलच्या निम्म्याहून जास्त असतो, म्हणून एकाच पदार्थाचे दोन हाफ घेण्यात अर्थ नाही.

आणि वेळ. शनिवारी नऊ ते साडेदहा ही सगळ्यात वाईट वेळ. एका कढईत एका वेळी दोन फुल प्लेट राईस नीट परतला जातो. गर्दीत चार-पाच प्लेटा एकदम टाकतात. मग कढई गार पडते, भात आणि भाजी पाणी सोडतात, आणि परतण्याऐवजी सगळं वाफवलं जातं. गल्लीतल्या चायनीजचा जो धुरकट वास हवा असतो, तो तापलेल्या लोखंडी कढईत तेल आणि सॉस क्षणभर जळल्यानेच येतो. साडेसातला जाऊन बसा.

---

दुधी_भोपळा

वरचा हिशेब ठीक आहे, पण शाकाहारींच्या बाबतीत थोडं सावध राहायला हवं.

व्हेज-नॉनव्हेज दोन्ही असलेल्या छोट्या हॉटेलात कढया वेगळ्या नसतात. एक प्लेट उतरली की कढईत पाणी ओतायचं, ब्रशने फिरवायचं, पाणी खाली टाकायचं, पुढची ऑर्डर. हे वीस सेकंदांत उरकतं आणि साबण लागत नाही. तळणीचं तेलही एकच. ज्या तेलात लॉलीपॉप तळलं त्यातच मंचुरियनचे गोळे आणि मंचाववरच्या कुरकुरीत नूडल्स. तुमच्या दोघांना हे चालत नसेल तर हॉटेल बदलण्याला पर्याय नाही, "वेगळ्या कढईत करा" सांगून गर्दीत फार काही होत नाही. "आमच्या ताटात तुकडा नको" एवढ्यापुरतंच असेल तर पुढे वाचा.

सगळ्यात जास्त फसगत सुपात होते. एकाच पातेल्यात चिकनची हाडं उकळत असतात आणि व्हेज सुपातही त्यातलंच डावभर पाणी पडतं. "सूप पाण्यात करा, स्टॉक नको" असं शब्दांत सांगा. नुसतं "व्हेज ना?" विचारलं तर उत्तर "हो" असंच येणार, कारण तुकडे नसले की त्यांच्या लेखी ते व्हेज. दुसरी जागा ऑयस्टर सॉस. तो शिंपल्यांपासून करतात आणि रंगाने सोयासारखाच दिसतो. छोट्या हॉटेलात तो महाग म्हणून सहसा नसतो, पण मशरूमच्या किंवा "एक्झॉटिक व्हेज"च्या ग्रेव्हीत असू शकतो. तिसरी म्हणजे चिकन पावडर, चवीसाठी चिमूटभर सगळ्यात.

अंड्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या सुक्या हक्का नूडल्सची बहुतेक पाकिटं नुसत्या मैद्याची असतात. अंडं फ्राईड राईसमध्ये येतं, आणि काही ठिकाणी तळणीच्या पिठातही. अमेरिकन चॉप्सुईवर तळलेलं अंडं ठेवायची पद्धत आहे, व्हेज मागवली तरी एकदा आठवण करून द्या.

मंचुरियन ग्रेव्हीबद्दल एक सूचना. आधी ड्राय हाफ मागवून गोळा मोडून बघा. आत कोबीचे धागे दिसले पाहिजेत. पांढरट, लगदा, पावासारखं दिसलं तर तो मैद्याचा गोळा आहे. असं का होतं? कोबी बारीक चिरून मीठ लावला की पाणी सुटतं. ते पिळून काढलं नाही तर पीठ सैल होतं आणि सैल झालं की वरून मैदा ओतला जातो. नीट केलेल्या गोळ्यांत दोन वाट्या पिळलेल्या कोबी-गाजराला मैदा आणि कॉर्नफ्लोअर मिळून चार-पाच चमचेच लागतात, तेही गोळा जेमतेम धरला जाईल इतकेच. असा गोळा ग्रेव्हीत पाच-सात मिनिटांत मऊ होतो, म्हणून आला की लगेच खायचा. मैद्याचा गोळा अर्ध्या तासानेही टणक असतो, आणि नेमका म्हणूनच हॉटेलवाल्यांना तो सोयीचा पडतो.

---

मीठ_मोजून

रंग, अजिनोमोटो आणि बीपी या तिन्हींचं एकत्र उत्तर देतो, कारण लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात.

रंग ओळखायची साधी युक्ती: ग्लासभर साध्या पाण्यात लॉलीपॉपचा किंवा ड्राय चिलीचा एक तुकडा बुडवा. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. कृत्रिम खाद्यरंग उलटे, ते पाण्यात झटकन सुटतात. अर्ध्या मिनिटात पाणी गुलाबी किंवा केशरी झालं तर रंग घातलेला आहे. नुसते नारिंगी तेलाचे थेंब वर तरंगले तर ती मिरची. सोयाने पाणी तपकिरी होतं आणि केचपने गढूळ, त्यांना मोजू नका. बोटांना किंवा पांढऱ्या टिशूला लागलेला गुलाबी डाग पाण्याने पसरतो, तीही तीच खूण.

कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती कबाबांनाही लावली. तपासणीत टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे रंग सापडले होते, आणि बुढ्ढी के बालमध्ये तर रोडामाइन बी, जे कपडे रंगवायचं रसायन आहे आणि खाण्यात कुठेच चालत नाही. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या गाड्यांवरच बंदी आणली. तिथे तक्रार रंगाबरोबरच अस्वच्छतेची आणि हलक्या सॉसचीही होती. एखाद्या वेळी खाल्लेल्या रंगाने कुणाला लगेच काही होत नाही, पण दोन लहान मुलं आहेत म्हणून सांगतो: "लॉलीपॉप बिना कलर" मिळतं का ते ऑर्डर देतानाच विचारा. पीठ लावून ठेवलेलं असेल तर मिळणार नाही, कारण रंग त्या पिठातच असतो. मग मुलांसाठी साधं चिकन क्रिस्पी किंवा सॉल्ट अँड पेपर घ्या.

अजिनोमोटो. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के असतं, साध्या मिठात ३९ टक्के. म्हणजे चमच्याला चमचा तोलला तर मीठ तिप्पट भारी. "अजिनोमोटो नको" म्हणून सांगितलं की कूक चव भरून काढायला सोया आणि मीठ वाढवतो, आणि बीपीवाल्याच्या दृष्टीने हे उलटंच झालं. शिवाय सॉसच्या बाटल्यांत आणि चिकन पावडरमध्ये ते आधीच असतं. काहींना ते जास्त झालं की डोकं जड होतं, त्यांनी टाळावं. बाकीच्यांना जी तहान लागते ती मिठाची.

खरा हिशेब सोयाचा आहे. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली सोया सॉस, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. ग्रेव्हीच्या एका फुल प्लेटमध्ये दोन चमचे सोया सहज जातो, मीठ वेगळं. त्यामुळे बीपीवाल्यांना सूप, ग्रेव्ही आणि ट्रिपल तिन्ही नको. साधा भात (मेनूत "स्टीम राईस" म्हणून असतो) आणि त्याच्याबरोबर एखादी ड्राय भाजी, "सोया कमी, मीठ घालू नका, लागलं तर वरून घेऊ" असं सांगून. टेबलावरचं मिरचीचं व्हिनेगर मात्र बेलाशक घ्या. आंबट चवीने मिठाची उणीव बरीच भरून निघते. हिरव्या मिरच्या घातलेलं पांढरं व्हिनेगर असेल तर फारच उत्तम, शेजवान चटणीच्या वाटीत मात्र मीठ भरपूर असतं.

---

लॉलीपॉप_समर्थक

ट्रिपलवर इतका राग का? गल्लीतल्या चायनीजमध्ये जेवायला जायचं आणि ट्रिपल नाही, म्हणजे मग घरीच उपमा केलेला बरा.

पण ट्रिपल नीट मागवायचं असतं. राईस, नूडल्स आणि ग्रेव्ही असे तीन थर, वर कुरकुरीत नूडल्स. ग्रेव्ही आतच ओतून आणली की पाच मिनिटांत सगळ्याचा एकच ओला गोळा होतो. "ग्रेव्ही वेगळ्या बाऊलमध्ये, कुरकुरीत नूडल्स वेगळ्या" असं सांगा, कुणी नाही म्हणत नाही. मग प्रत्येकाने आपल्या ताटात वाढून घ्यायचं, कुरकुरीत नूडल्स सगळ्यात शेवटी वरून. चायनीज भेळेचंही तसंच, फक्त तिथे वेळ आणखी कमी. तळलेल्या नूडल्सवर सॉस पडला की दोन-तीन मिनिटांचा खेळ. आठ जणांत एक भेळ मधे ठेवून गप्पा मारल्या तर शेवटच्याला ओला चिवडाच मिळणार.

मंचाव सुपाबद्दल कुणी सांगितलं नाही. एकाच बाऊलमध्ये दोघांनी चमचे घालून प्यायलं की सूप काही मिनिटांत पातळ होतं, आणि लोक हॉटेलवाल्याला बोल लावतात. दोष लाळेचा असतो. लाळेतलं एन्झाइम कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा मोडतं. वन बाय टू सांगितलं की दोन वेगळ्या वाट्यांत आणून देतात, तेच घ्या. कुरकुरीत नूडल्स सुपात एकदम न ओतता थोड्या थोड्या टाका.

लॉलीपॉपचं: आधी नग विचारा, फुलमध्ये कुठे सहा, कुठे आठ, कुठे दहा. कोंबडीच्या एका पंखातून दोन निघतात. खांद्याकडचा भाग जाड आणि मांसल, मधला भाग दोन हाडांचा, त्यातलं बारीक हाड काढून मांस एका टोकाला गोळा करतात. प्लेटीत सगळे मधलेच आले तर पैसे तेच आणि मांस कमी. ते बघून ओळखू येतं: मधल्याचा गोळा लांबट आणि हाड बारीक असतं.

चांगलं लॉलीपॉप दोनदा तळतात. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, मग बाहेर काढून गार, आणि ऑर्डर आली की मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट. पहिल्या तळणीत आतपर्यंत शिजतं, दुसरीत कवच कुरकुरीत होतं. एकाच खेपेत कडक तेलात तळलं तर वरून काळपट आणि हाडाजवळ कच्चं. पहिलं लॉलीपॉप मोडून बघा. हाडालगत मांस अर्धपारदर्शक, रबरासारखं, हाडाला घट्ट चिकटलेलं असेल तर सरळ परत पाठवा. नुसता काळसर-तांबूस डाग असेल आणि मांस पांढरं, धाग्याधाग्याने सुटणारं असेल तर घाबरू नका. फ्रोजन चिकनमध्ये हाडातला रंग तसा बाहेर येतो.

शाकाहारींसाठी पनीर चिलीपेक्षा व्हेज क्रिस्पी सांगेन. पनीर दुपारी तळून ठेवलं असेल तर चिवट लागतं. फक्त क्रिस्पी स्टार्टरमध्ये सगळ्यात आधी आणि आलं की लगेच.

---

डोंबिवली_पूर्व

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ट्रिपल राहिलं, पनीरऐवजी व्हेज क्रिस्पी, आणि सूप पाण्यात हेही लिहून घेतलं. पाण्याच्या ग्लासाची युक्ती मुलांना आवडणार.

दोन गोष्टी राहिल्या. पार्सल, आणि बिल. कार्डाच्या खाली बारीक अक्षरात "टॅक्स व सर्व्हिस चार्ज लागू" असं लिहिलेलं आहे.

---

डबा_घेऊन_या

पार्सलमध्ये सगळ्यात जपायचा तो भात. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पुन्हा परतून, उकळून जात नाही. उलट्या सुरू होतात त्या भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत. हॉटेलात भात दुपारी उकडून रात्रीपर्यंत बाहेर टोपात राहिलेला असू शकतो, म्हणजे तुमच्या ताटात येतो तेव्हाच त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं. म्हणून उरलेला फ्राईड राईस आणि ट्रिपलमधला भात टाकून द्यावा असंच सांगेन. घरी न्यायचाच असेल तर गेल्या गेल्या पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये, दोन तासांच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाफ निघेपर्यंत गरम करून संपवायचा. तिसऱ्यांदा गरम करायचा नाही. वासावरून कळतं असं समजू नका, वास चांगला असूनही बाधतो.

ड्राय चिली किंवा लॉलीपॉप दुसऱ्या दिवशी चालतात. मायक्रोवेव्हमध्ये कवच चामड्यासारखं होतं, जाड तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर परता. ग्रेव्ही फ्रिजमध्ये जेलीसारखी थिजते आणि कडेला पाणी सुटतं. ती नासलेली नसते, कॉर्नफ्लोअर थंडीत असाच वागतो. दोन-तीन चमचे पाणी घालून ढवळत गरम केली की सारखी होते. नूडल्सचा गठ्ठा होतो, त्यावर पाण्याचा हबका मारून कढईत मोकळ्या करा, तेल वाढवू नका.

बांधून घेताना घरून स्टीलचे डबे न्या. उकळतं सूप पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात ते घेऊ नका. तळलेलं काही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तर परत द्या, छापील कागदात अन्न बांधायला अन्न सुरक्षा नियमांत मनाई आहे. गरम क्रिस्पी बंद डब्यात कोंडलं की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. घरी पोचेपर्यंत झाकण तिरकं ठेवा.

बिलाचं: अशा साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तो लावायचा तर बिलावर जीएसटी नंबर हवा. छोटी हॉटेलं पुष्कळदा कंपोझिशन योजनेत असतात आणि त्यांना गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घेता येत नाही, बिलावर तसं लिहावंही लागतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात धरता येत नाही. "काढून द्या" म्हटलं की काढतात. वेटरला मात्र हातात द्या, आठ जणांचं टेबल सांभाळणं सोपं नसतं.

---

टोरोंटो_वारी

थोडं अवांतर. हीच चव परदेशात शोधणाऱ्यांनी "चायनीज" न बघता "हक्का" असं लिहिलेलं हॉटेल शोधावं. कोलकात्याच्या टांग्रा भागातली हक्का चिनी कुटुंबं मोठ्या संख्येने टोरोंटो परिसरात गेली आणि त्यांनी तिथे चिली चिकन, मंचुरियन आणि हक्का नूडल्सची हॉटेलं काढली. तिथल्या साध्या चायनीजमध्ये मंचुरियन मागितलं तर वेटर नुसता बघत राहतो. प्लेटी तिथे आपल्या फुलपेक्षा मोठ्या असतात, आठ जणांचा वरचा हिशेब सरळ निम्मा करा.

---

भट्टीशेजारी

@लॉलीपॉप_समर्थक, क्रिस्पीचं मान्य. ट्रिपलच्या बाजूने मीही आहे, फक्त गर्दीच्या वेळी त्याला तीन कढया फिराव्या लागतात म्हणून उशीर होतो.

@डोंबिवली_पूर्व, ट्रिपल शेवटून दुसऱ्या स्टार्टरबरोबरच सांगून ठेवा. मुलांचा फ्राईड राईस मात्र पहिल्या स्टार्टरबरोबर सांगा आणि "मिरची नको, पांढरी मिरपूडही नको" असं म्हणा. लोक हिरवी मिरची काढायला सांगतात आणि मिरपूड विसरतात, मग राईस साधा दिसतो आणि मुलं पाणी मागत बसतात. आणखी एक: साध्या राईसच्या आधी त्याच कढईत शेजवान झालेलं असेल तर तिखट थोडं उतरतंच. मुलांची प्लेट पहिल्या फेरीत काढून घेतली की तोही प्रश्न उरत नाही.